पुढं काय दाबू, साहेब

निकिता मॅडम टेबलावरच्या फोनचा एकेक आकडा दाबत होत्या आणि दाबताना तोंडाने म्हणतही होत्या. सहाव्या आकड्याला अमृतला शंका आली. नवव्याला ती उरली नाही. दहावा त्याने मनातल्या मनात त्यांच्याआधी म्हटला. दूध प्लांटवरचा क्लार्क सहादेव सासुरवाडीला गेला होता. त्याने मॅडमना सांगितलं होतं की मशीनच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे असते, वॉचमनचाच नंबर घ्या. मॅडमनी तो पिवळ्या चिटोऱ्यावर लिहून घेतला आणि वर 'वॉचमन' असं लिहून खाली रेघ ओढली. तोच नंबर अमृतच्या मोबाईलमध्ये 'तात्या' या नावाने होता. बोलायचंच होतं तर तेव्हा बोलता आलं असतं. सहाव्यापासून दहाव्यापर्यंत चार आकडे होते, मग तीन वेळा रिंग वाजली. तेवढ्या वेळात 'मॅडम, हे माझे वडील आहेत' हे पाच शब्द ऐसपैस मावतात, नंतर त्याने ते अनेकदा म्हणून पाहिले आणि दरवेळी वेळ उरला. पण त्या दुपारी तो टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसला. झाकण आधीच घट्ट होतं.

काम खरं तर किरकोळ होतं. प्लांटमधल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी एका डब्यात येऊन मिळतात, त्याला स्विच म्हणतात. तो अमृतच्या हाताखालच्या अंगदने आदल्या दिवशी बसवला होता. नगरच्या ऑफिसात बसून त्या डब्यात शिरता यायला हवं, तर आधी एकदा कोणीतरी त्याच्यासमोर बसून, निळ्या चपट्या केबलने लॅपटॉप जोडून, दहा-बारा ओळी टाइप कराव्या लागतात. एकदा त्या टाकल्या की पुन्हा तिथे कुणी जायचं कारण नाही, दार बाहेरून उघडतं. अंगदला पारनेरहून येणारी शेवटची एसटी पकडायची होती, त्याने ओळी न टाकताच बॅग उचलली आणि घरी येऊन तापाने पडला. आता चार वाजता टँकर यायला लागणार होते आणि त्याआधी वजनकाट्याचा कॉम्प्युटर चालू व्हायला हवा होता. मॅडम म्हणाल्या होत्या, अमृत, गाडी काढ, तासाभरात पोचशील. त्यावर अमृतच म्हणाला होता की कशाला मॅडम, सहादेव आहे तिथे, फोनवर करून घेऊ. सहादेव गावाला गेलाय हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणाला तो कामाच्या सोयीसाठी नव्हे. फाटकावर दिवसपाळीला तात्या असतात, म्हणून म्हणाला. गेल्या दोन महिन्यांत तो एकदाही त्या प्लांटवर गेला नव्हता. दर वेळी अंगदला पाठवत होता आणि अंगदला वाटत होतं की अमृत सर आपल्याला शिकायची संधी देतात.

याची सुरुवात चार वर्षांपूर्वीची. मुलाखतीत याच मॅडमनी सहज विचारलं होतं की वडील काय करतात. अमृत म्हणाला, डेअरीत आहेत. त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. कानिफनाथ ठुबे डेअरीतच होते, डेअरीच्या फाटकावर, खाकी शर्टात, हातात रजिस्टर घेऊन. पण समोर बसलेल्या तिघांपैकी एकाने 'अच्छा, सुपरवायझर वगैरे?' असं विचारलं आणि अमृतने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो हसला. त्या हसण्यात बाकीचं सगळं आपोआप भरलं गेलं. पुढे दोन महिन्यांपूर्वी नेमकं याच प्लांटचं काम कंपनीला मिळालं तेव्हा मॅडमना आठवण झाली, अरे तुझे वडील कुठल्या डेअरीत? तो म्हणाला, रिटायर झाले. एका वाक्यात त्याने बापाला घरी बसवलं, आणि त्याच संध्याकाळी तो बाप फोनवर सांगत होता की फाटकाजवळ नवीन केबिन बांधून दिली, पंखाही लावलाय, आता ऊन लागत नाही. अमृत 'हो का' म्हणाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे कुणी त्याच्यावर लादलं नव्हतं. निकिता मॅडमचे वडील एसटीत कंडक्टर होते आणि त्या ते चारचौघांत सांगायच्या, लहानपणी तिकिटांच्या पेटीशी कशा खेळायच्या तेही सांगायच्या. त्यांच्यासमोर खोटं बोलायची काही गरज नव्हती. गरज नसताना केलेल्या गोष्टीला कारण तरी काय सांगणार.

तर फोन उचलला गेला. मॅडमनी गोड आवाजात सांगितलं की काका, तुमच्या प्लांटचं नेटवर्कचं काम आमच्याकडे आहे, आमचे इंजिनियर सांगतील तसं जरा करायचंय, जमेल ना. मग त्यांनी फोन अमृतकडे सरकवला. स्पीकर चालूच होता.

"नमस्कार काका," अमृत म्हणाला.

पलीकडे कुठेतरी कॅन आपटल्याचा आवाज आला. दोन श्वास जातील एवढा वेळ काहीच नाही. आपल्या मुलाची कंपनी आणि ही कंपनी एकच, हे तात्यांना त्या दोन श्वासांत कळलं असणार. मुलगा 'तात्या' म्हणाला नाही हेही कळलं, आणि तो तसं का म्हणाला नाही हेही. कानिफनाथ ठुबे चौथी पास, पण माणूस ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, फाटकावर अठरा वर्षं काढली होती.

"बोला, साहेब," तात्या म्हणाले.

अमृतला तो शब्द डाव्या कानात ऐकू आला. खरं तर फोन टेबलाच्या मधोमध होता, पण त्याच्या आठवणीत तो कायमचा डाव्या कानात राहिला, लहानपणी तात्यांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसल्यावर त्यांचं बोलणं ऐकू यायचं त्या बाजूला. साहेब. तात्यांनी हा शब्द हजारो माणसांना दिला असेल, फाटक उघडताना, बंद करताना, नाव विचारताना. इतक्या सफाईने दिला की मॅडमना काही जाणवलं नाही. त्या लॅपटॉपवर दुसरी ईमेल वाचायला लागल्या.

पुढचा अर्धा तास तात्यांनी जे काम केलं ते अंगदनेही त्याहून चांगलं केलं नसतं. निळी केबल सापडली. सहादेवच्या टेबलावरचा लॅपटॉप चालू झाला. अमृत एकेक अक्षर सांगायचा आणि तात्या ते शोधून दाबायचे, एन, ए, बी, न चुकता. मॅडमनी मध्येच भुवया उंचावून कौतुकाने मान हलवली की वॉचमनला इंग्रजी येतंय बघ. कसं येतं ते अमृतला माहीत होतं. फाटकावर लागल्यावर टँकरचे नंबर लिहावे लागत, एमएच सोळा आणि पुढे आणखी दोन अक्षरं. तेव्हा पाचवीतल्या अमृतने तात्यांना अंगणात बसवून आपल्या पुस्तकातून एबीसीडी शिकवली होती. मोठीच अक्षरं तेवढी, कारण नंबरपाटीवर मोठीच असतात. छोटी नंतर शिकू, असं तोच म्हणाला होता. मग सहावी आली, क्रिकेट आलं, नगरचं कॉलेज आलं, नोकरी आली, सावेडीतला फ्लॅट आला. कीबोर्डवर मोठी अक्षरं असतात म्हणून तात्यांना दाबता येत होतं. पडद्यावर सगळं छोट्या अक्षरात उमटत होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं. सव्वीस अक्षरांचं काम होतं, आठवड्यात झालं असतं.

म्हणून पडद्यावर काय दिसतंय असं विचारलं की तात्या आकार सांगायचे. आधी म्हणाले, शेवटी बाणाचं टोक हाय, उजवीकडं तोंड केल्यालं. बरोबर होतं, ते टोक म्हणजे डब्याने नुसतं उंबऱ्यापर्यंत घेतलंय. मग अंगदने ठेवलेला पासवर्ड टाकायचा होता, ऑफिसात सगळ्यांना माहीत असलेला. तात्या म्हणाले, साहेब, मी दाबतोय, पर हितं कायच उमटंना. अमृतने सांगितलं की उमटत नाही ते, दाबत राहा. त्यांनी विश्वासाने दाबलं. पासवर्ड मान्य झाला की बाणाच्या जागी चौकड्यांची खूण येते, दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या, म्हणजे आता सगळे अधिकार मिळाले. ती आली का, असं अमृतने विचारलं. तात्या जरा वेळ घेऊन म्हणाले, "आता बाण गेला, साहेब. आता बाजंच्या इनीवानी कायतर आलंय."

मॅडम खळखळून हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, लोभस काही ऐकल्यावर येतं तसं होतं. बाज म्हणजे, असं त्यांनी अमृतला खुणेने विचारलं. अमृतला बाज माहीत होती. घरच्या बाजेवर झोपला की तिची वीण त्याच्या पाठीवर उमटायची, आई त्यावर बोट फिरवून मोजायची. ती तात्यांनीच विणलेली होती, काथ्या ओढून ओढून त्यांच्या तळव्याला चिरा पडल्या होत्या, आणि त्यांनी त्या डब्याची खूण जितकी नेमकी सांगितली तितकी एकाही पुस्तकात नव्हती. अमृतने खांदे उडवले. गावाकडचं काहीतरी असेल, असं तोंडाने न बोलता दाखवलं, आणि मग तोही हसला. आवाज करून हसला. तो आवाज स्पीकरमधून पारनेर रस्त्यावरच्या त्या खोलीत गेला असणार, जिथे तात्या सहादेवच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसून एका बोटाने बटणं दाबत होते. कडेलाच बसले असणार. दुसऱ्याच्या खुर्चीत ते कधी पूर्ण टेकत नाहीत.

पण हसणं त्याने कदाचित पचवलं असतं. माणूस हसतो, होऊन जातं. पुढचं पचण्यासारखं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात बाहेरून शिरायचं नाव आणि नवा पासवर्ड ठेवायचा होता, म्हणजे त्या दाराची खरी किल्ली. अमृत तो सांगणार तेवढ्यात मॅडमनी फोनवर तळवा ठेवला. तळव्याने आवाज बंद होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. अमृतच्या लक्षात आलं होतं.

"पासवर्ड वॉचमनला सांगायचा?" त्या म्हणाल्या. "विश्वासाचा आहे का माणूस?"

हा प्रश्न योग्यच होता. त्यांच्या जागी त्यानेही विचारला असता. आणि उत्तर जगात फक्त त्याला माहीत होतं, दुसऱ्या कुणालाही एवढ्या खात्रीने माहीत नव्हतं. तात्यांनी एकदा टँकरच्या ड्रायव्हरने दिलेला दुधाचा तांब्या घरी आणला नव्हता, फाटकावरच्या कुत्रीला ओतला होता, आणि ती गोष्ट घरात कधी सांगितलीही नव्हती, आईला शेजारणीकडून कळली. हे सगळं अमृतच्या डोक्यात एकदम आलं आणि तोंडातून निघालं ते असं:

"माहीत नाही, मॅडम. काम झालं की लगेच बदलून टाकतो."

मॅडमनी तळवा काढला.

"पुढं काय दाबू, साहेब?" तात्यांनी विचारलं.

आवाजात काही बदल नव्हता. अमृतने नंतर तो आवाज मनात पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला, कुठे ओरखडा सापडतो का म्हणून. सापडला असता तर निदान काहीतरी धरायला मिळालं असतं. त्याने पासवर्ड सांगितला. जागच्या जागी जुळवला होता, दोन अक्षरं, दोन आकडे, दोन अक्षरं, चार आकडे, टँकरच्या नंबरासारखा, म्हणजे तात्यांना पटापट दाबता यावा. त्या अर्ध्या तासात त्याने बापासाठी केलेली एवढीच एक गोष्ट. तात्यांनी एका दमात दाबला. मग दोन टोकांमधलं बोलणं कुलूपबंद ठेवणारी दुसरी एक किल्ली किती लांबीची हवी असं डब्याने विचारलं आणि तात्यांनी सांगितलं की कंसात पाचशे बारा आलंय, आणि अमृतने सांगितलं की दोन, शून्य, चार, आठ दाबा, आणि ते झालं. अमृतने नगरहून आपल्या लॅपटॉपवर पत्ता टाकला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि चाळीस किलोमीटरवरचं दार उघडलं. मॅडम 'सुपर' म्हणाल्या.

आत कोण कोण आहे हे बघायची सवय असते, त्याने बघितलं. दोन ओळी आल्या. एका ओळीत तो स्वतः, बाहेरून आलेला. दुसऱ्या ओळीत निळ्या केबलवर बसलेला कोणी एक, नाव नाही, फक्त जागा आणि वेळ, चौतीस मिनिटं. काम झाल्यावर समोरची जोडणी तोडून टाकायची, हा नियम. ती तोडायला एक ओळ लागते. त्याने ती टाकली आणि पडद्यावर एकच ओळ उरली. फोनवर तात्या म्हणाले, साहेब, हितलं समदं गेलं बगा, माजं काय चुकलं का. नाही काका, काही चुकलं नाही, असं तो म्हणाला. मग ठरल्याप्रमाणे त्याने पासवर्ड बदलला. फार सफाईने बदलला, आणि याचीच त्याला घरी जाताना जास्त लाज वाटली, प्रोफेसर कॉलनीच्या चौकात सिग्नलला उभं असताना इतकी की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला.

घरी संस्कृतीने विचारलं की चेहरा असा का. त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बायकोला सांगायला हरकत नव्हती, ती चिडली असती, मग समजूत घातली असती, आणि तेच नको होतं. समजूत घालून घ्यायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं. सात वाजता नेहमीप्रमाणे तात्यांचा फोन आला. त्याने तो चौथ्या रिंगला उचलला. तात्या आईच्या गुडघ्याबद्दल बोलले, कांद्याची रोपं लावल्याचं बोलले, धरणातून पाणी सुटणार म्हणतात ते बोलले. दुपारचा एक शब्द नाही. अमृत वाट बघत होता की ते आता बोलतील, रागावतील, निदान टोमणा मारतील. राग आला असता तर त्याला 'तात्या, चुकलं' म्हणता आलं असतं. स्वतःहून म्हणायला जीभ वळत नव्हती. फोन ठेवायच्या आधी तात्या जरा घुटमळले.

"ते... किल्लीचा शबुद बदलला ना रं?" ते म्हणाले. "बदलून घे. मी कुनाला सांगत न्हाई, पर माज्या ध्यानात ऱ्हायलाय, म्हनून म्हनलं."

अमृत म्हणाला, बदलला. तात्या म्हणाले, मग बरं झालं. आणि मॅडम तुमच्या चांगल्या वाटल्या, हसतमुख हायत, असंही म्हणाले, आणि फोन ठेवला. अमृत गॅलरीत उभा राहिला. समोरच्या बंगल्यात कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. त्याला एक गोष्ट लख्ख कळली आणि तिची भीती वाटली. तात्यांनी हे भांडण म्हणून घेतलंच नव्हतं. ठरलेली रीत म्हणून घेतलं होतं. फाटकावर एखाद्या गाडीला न तपासता सोडायचं असं वरून सांगितलं की ते का म्हणून विचारत नाहीत, तसंच हेही त्यांनी मनाच्या वहीत उतरवून घेतलं होतं. मुलाच्या ऑफिसच्या माणसांपुढे आपण त्याचे कुणी नाही. आता हे लवकर मोडलं नाही तर ते पक्कं होणार होतं. तात्या एकदा धरलेली रीत सोडत नाहीत. मग उद्या त्याच्या घरी ऑफिसचं कुणी जेवायला आलं तर तात्या स्वयंपाकघरात बसून राहतील, आणि कुणी विचारलं तर गावाकडचा ओळखीचा आहे म्हणून सांगतील, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटणार नाही.

शुक्रवारी प्लांटचं काम रीतसर सोपवायचं होतं, सह्या घ्यायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, दोघंही जाऊ. या खेपेला अमृतने अंगदचं नाव पुढे केलं नाही. रात्रीच त्याने वाक्य ठरवलं होतं, तेच, पाच शब्दांचं. गाडीत तो ते घोटत राहिला. केडगाव गेलं, सुपं आलं, मॅडम त्यांच्या मुलीच्या शाळेबद्दल सांगत होत्या आणि तो हं हं करत होता. गाडीतच सांगून टाकावं असंही दोनदा वाटलं. पण तात्यांच्या माघारी सांगणं त्याला चोरून सांगितल्यासारखं वाटलं. ज्यांच्यासमोर नाकारलं त्यांच्यासमोरच बोलायला हवं. निदान असं त्याने स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला उशीर करायला नेहमीच चांगली कारणं सापडतात.

फाटकाशी गाडी थांबली. तात्या नव्या केबिनमधून बाहेर आले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, टोपी सरळ. मॅडमना त्यांनी कपाळाशी हात नेऊन नमस्कार केला आणि अमृतलाही तसाच केला, तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. रजिस्टर खिडकीच्या फळीवर होतं. आत जाणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं, ते म्हणाले, आणि मॅडमनी सांगितलं तसं घोटून घोटून लिहिलं, निकिता विश्वास धसाळ. मग खालच्या ओळीवर आले. अमृतकडे न बघता त्यांनी लिहिलं, अमृत ठुबे, नगर. अमृतने पानावर नजर टाकली. वर दिवसभराची पंधरा-वीस माणसं होती, ड्रायव्हर, मेकॅनिक, खाद्यवाले, प्रत्येकाच्या नावात तीन शब्द, मधला बापाचा. तात्यांच्या हाताने लिहिलेल्या त्या सगळ्या पानात दोन शब्दांचं नाव एकट्या त्याचं होतं.

मॅडमचंही लक्ष पानाकडेच होतं. त्या सहज म्हणाल्या, "यांचं नाव तुम्ही न विचारताच लिहिलंत हो काका?"

तात्यांचं पेन थांबलं. "त्या दिशी फोनवर सांगितलं हुतं की साहेबांनी," ते म्हणाले.

अमृतने नाव सांगितलं नव्हतं. तात्यांना खोटं बोलताना त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते त्याच्यासाठी होतं. त्याचं घोटून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"मी नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "माझं नाव त्यांनीच ठेवलंय, मॅडम. वडील आहेत ते माझे."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. दोघांची हनुवटी सारखी होती, ते कुणालाही दिसलं असतं. अमृत तात्यांकडे बघत होता. त्यांचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं होतं. तो उतरला. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. रागाने बघितलं असतं तरी अमृतला बरं वाटलं असतं. पण ते त्याच्याकडे असे बघत होते जसा हातचं काम बिघडवणाऱ्या पोराकडे माणूस काळजीने बघतो, आणि मग मॅडमकडे वळून हसले.

"साहेब चेष्टा करत्यात, मॅडम," ते म्हणाले. रजिस्टर त्यांनी अमृतपुढे सरकवलं, पेन त्याच्या हातात दिलं, आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं सही करा."